पाच लोण

"पाच लोण रे! पाच!" गोजरनाना एवढ्या जोरात ओरडला की हातातली भाकर मातीत पडली. त्याला पर्वा नव्हती.

म्हशाच्या जत्रेत किन्हवलीच्या गाड्या एका रांगेत सोडल्या होत्या. बैल पेंढ्याला लागले होते आणि माणसं कालच्या हुतूतूला. समोरचे सातच्या सात गडी बाद केले की एक लोण. किन्हवलीनं असे पाच चढवले होते आणि स्वतःवर एकही येऊ दिला नव्हता. एकोणीसशे अडतीस साल होतं. असा निकाल मुरबाड-शहापुरात कुणी ऐकला नव्हता. आज दुपारी शेवटचा सामना, ढालीचा; पहिला लोण चढवेल त्याची ढाल.

"सगळी आपल्या कप्तानाची, कुंडलिकाची अक्कल," कमळाकर म्हणाला. तो कल्याणला चार बुकं शिकलेला. त्यानं चुलीपुढच्या राखेत बोटानं टिंबं काढली. "आधी काय होतं? कुंडलिक स्वतःच चढाईला जायचा आणि मागं हातात हात धरलेल्या साखळीत भोक पडायचं. आता कुंडलिक मधे. मंगळू उजव्या टोकाला, घोटा धरायला. चढाईला फक्त भिमा."

"मंगळूला डावीकडं घाला," नाना म्हणाला. "डोंगरातला गडी तो. डावा हात म्हंजे कोयता हाय त्याचा."

"नाना, तुमी हुतूतू खेळलात कवा?"

"तुझ्या बापाला विचार. माझ्या हातातनं सुटताना रडलाय तो."

"पण काय म्हणा, भिमाला मानलं," भाकरी थापता थापता ताराबाई म्हणाली. "बोट लागलं नाय कुणाचं त्याला."

यावर सगळे हसले. जरा जास्तच हसले.

"कालचे भांडले ना पंचाशी," कमळाकर म्हणाला. "पण पंच खादीवाला. म्हणाला, नियमात सात गडी, ते मी मोजले. पुढचं मला दिसत नाय. खेळा, नायतर घरी जा."

भिमा शेवटच्या गाडीच्याही पलीकडं बसला होता, चाकाला टेकून. त्याची वस्ती किन्हवलीतही अशीच, ओढ्यापलीकडं. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो उठला आणि चार पावलं पुढं आला.

"कुंडलिकदादा, आज मला साखळीत घ्या."

कुंडलिक पायाला तेल चोळत होता. त्यानं वर बघितलं. "अरे, चढाईवाला तू. पाच लोण चढवलेस."

"मी नाय चढवले. मी नुसता चालत गेलो." भिमा थांबला. "घोटा मला पण धरता येतो, दादा. भावाला धरून धरून शिकलोय. एकदा तरी घ्या."

कुंडलिक वाईट माणूस नव्हता. त्यानंच हट्टानं भिमाला संघात घेतला होता.

"घेतो रे," तो हळू बोलला. "पण साखळीत तुझा हात कोण धरंल?"

भिमानं एकेकाकडं बघितलं. मंगळूनं मान खाली घातली. कमळाकर राखेत आणखी एक टिंब काढायला लागला.

भिमा परत चाकापाशी जाऊन बसला. साखळी नाही तर नाही. पण चढाईला गेलेल्याला समोरचे धरतात. मांडीला मिठी मारतात, पाडतात, सातजण अंगावर पडतात. तोच तर खेळ. आज आपल्याला धरलंच पाहिजे, असं त्यानं ठरवलं. हरलो तरी चालेल.

दुपारी मैदानाभोवती माणूसच माणूस होतं. समोरच्या संघात धर्मा नावाचा दांडगा पैलवान गडी होता. काल त्याच्या पकडीतून एकही जण सुटला नव्हता. भिमाला त्याला बघून बरं वाटलं. हा धरंल.

पहिलीच चढाई भिमाची. "हुतूतूतूतू" करत तो रेघ ओलांडून गेला. सातही जण मागं सरकले. तो थेट त्यांच्या मधोमध गेला, धर्मासमोर. आणि त्यानं दम सोडून दिला.

दम तुटलेला गडी नुसता शिवला तरी बाद. लहान पोराला पण ते माहीत.

"शिवा त्याला!" पंच ओरडले. "दम सुटलाय! शिवा, बाद आहे तो!"

कुणी हललं नाही. भिमानं दोन्ही हात पुढं केले.

"धर की रे," तो धर्माला म्हणाला. "एकदा धर."

धर्माचा हात उठला. खरंच उठला. अर्ध्यावर आला. मग त्याची नजर बाहेरच्या गर्दीत गेली. तिथं त्याची आई रंभा पदर तोंडात धरून उभी होती. हात खाली आला. धर्मा मागं सरकला. भिमा एक पाऊल पुढं आला. धर्मा आणखी मागं. त्याच्या मागचे सहाजण त्याच्याही आधी मागं. आणि बघता बघता सातच्या सात शेवटची रेघ ओलांडून बाहेर गेले.

रेघेबाहेर गेला तो बाद. पंचांनी क्षणभर डोळे मिटले आणि शिट्टी वाजवली. लोण!

किन्हवलीवाले नाचत मैदानात घुसले. त्यांनी कुंडलिकाला खांद्यावर घेतला. गोजरनानानं मुंडासं हवेत फेकलं. भिमा होता तिथंच उभा होता, हात पुढं करून. नाचणारे त्याच्या बाजूनं वळसा घालून नाचत होते.

रेघेपलीकडं रंभा धावत पोराकडं गेली. तिनं त्याचे दंड, छाती, पाठ, सगळं निरखून बघितलं.

"हरलास ते हरलास," ती म्हणाली. "शिवला नाय ना तो तुला?"