कुणाचा देश सरस

साथीच्या दोन वर्षांत थोरली एका देशात अडकून पडली होती आणि धाकटा दुसऱ्यात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बहीणभावाची जुंपायची. "आमच्याकडे दारात येऊन तपासणी करतात," असं ती म्हणाली, की तो म्हणायचा, "आमच्या शाळा एक दिवसही बंद नव्हत्या. तुम्ही पोरांना कोंडून ठेवलंत." आई फोन साखरेच्या डब्याला टेकवून मटार सोलत बसायची आणि जो हरायला लागेल त्याची बाजू घ्यायची.

साथ गेली, वाद संपला, आणि रविवारचा फोनही बंद झाला. चार महिने दोघांचा एकच मेसेज येत होता, "या आठवड्यात गडबड आहे गं."

मग एका रविवारी आईनेच दोघांना वेगवेगळा मेसेज टाकला. थोरलीला लिहिलं, "धाकटा म्हणतो, तुमच्या देशाने साथीत नुसता देखावा केला." धाकट्याला लिहिलं, "ताई म्हणते, तुमच्याकडे सगळं रामभरोसे होतं."

दहा मिनिटांत दोघं स्क्रीनवर हजर. अर्धा तास एकमेकांवर यथेच्छ तोंडसुख घेऊन झाल्यावर थोरली थबकली.

"थांब. मी असं काही म्हणालेच नव्हते."

"मग मी तरी कुठे म्हणालो?"

दोघांनी एकदमच विचारलं, "आई, तुला हे सांगितलं कुणी?"

आईने हातातली शेंग सोलली.



"ते पुढच्या रविवारी सांगते."