सारखी उतरणारी बॅटरी

बॅटरीवाल्याने बॉनेट उचलून टेकू लावला, तेव्हा तिने आधी माडीवरच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता. मुलगा जेवून गाढ झोपला होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून किल्ली काढताना तिला स्वतःचंच हसू आलं होतं. सत्तरीत चोरी, आणि तीही पोटच्या पोराच्या खिशातून! पण तो उठेल तेव्हा गाडीत नवीकोरी बॅटरी बसलेली असेल. मग त्याला आईकडे यायला कसलीच आडकाठी उरणार नाही.

"हळू हं," ती म्हणाली. "त्याला कळू द्यायचं नाहीये. ही मेली बॅटरी दीड वर्ष आमच्या मुळावर उठलीय. आणि त्याला बदलायलाही सवड नाही."

खोटं नव्हतं ते. पोरगा यायला निघाला की बॅटरी उतरायची. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा उतरली. ती पट्टी बांधून शेजारणीच्या हाताला धरून घरी आली. गेल्या थंडीत नवरा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा तर बॅटरीने कहरच केला. पहिल्या दिवशी उतरली. दुसऱ्या दिवशी चार्जिंगला लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उतरली. चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली, पण तोवर इथे सगळं आटोपलं होतं. शेजारीण एवढंच म्हणाली, "तीन तासांचा तर रस्ता. बस मिळत नाही का?" त्यानंतर महिनाभर तिने शेजारणीशी अबोला धरला होता.

आज मात्र गाडी सुतासारखी सरळ आली होती. संध्याकाळी गावात त्याच्या शाळेच्या सोबत्यांचा मेळावा होता. नशीब, आज तरी बॅटरीने दगा दिला नाही, असं तिने त्याला वाढता वाढता म्हणूनही टाकलं होतं.

बॅटरीवाल्याने नवी बॅटरी स्कूटरवरून उतरवलीच नाही. तपासल्याशिवाय बॅटरी बदलायची नाही, हा त्याचा नेम होता, आणि त्या नेमाचा त्याला थोडा ताठाही होता. त्याने यंत्राचे चिमटे लावले. आकडा पाहिला. गाडी सुरू करून पुन्हा पाहिला.

"काकू, ही कशाला बदलायची? ठणठणीत आहे."

"असं कसं होईल? थंडीत उतरत असेल."

"थंडीत जुनी उतरते. ही कुठे जुनी आहे?"

"दिवे चालू राहत असतील. वेंधळा आहे तो लहानपणापासून."

"दोन-तीनदा अशी पार उतरली असती, तर दम गेला असता तिचा. यंत्र लगेच सांगतं."

"मग गाडी उभी राहत असेल हो. त्याला चालवायला वेळ कुठे असतो!"

बॅटरीवाला आत वाकला. किलोमीटरचा आकडा वाचून हसलाच. "उभी? काकू, ही रोज पळते."

तिने पोराचं वकीलपत्र घेतलं होतं, आणि हा गृहस्थ बॅटरीचं घेऊन बसला होता. हटेना. त्याने फडक्याने बॅटरीवरची धूळ पुसली आणि तिथे चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं. "ही बघा तारीख. बसवून दोन वर्षं झालीत. तीन-चार वर्षं जाते बॅटरी, निम्मं आयुष्य बाकी आहे हिचं. ही एकदाही उतरलेली नाही. पाहिजे तर लिहून देतो."

तिने चष्मा लावला. तारीख वाचली. मग बोटांवर महिने मोजले, आणि चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. ऑपरेशन त्यानंतरचं. दवाखानाही त्यानंतरचा. तिन्ही दिवस हीच बॅटरी गाडीत होती, अशीच ठणठणीत. आणि इकडे नवरा पावलांच्या प्रत्येक आवाजाला डोळे उघडत होता. "आला का?" "बॅटरी उतरलीय हो त्याची." "मग काय करणार पोरगं," असं म्हणून पुन्हा डोळे मिटत होता. बिचारा जाताना बॅटरीला दोष देत गेला. तिला त्या माणसाची फार कीव आली. तिने चष्मा काढून ठेवला.

बॅटरीवाल्याला काय घडलं ते नीटसं कळलं नाही. आपण काहीतरी नको ते बोलून बसलो, एवढं मात्र कळलं.

अजून चालूच असलेल्या इंजिनाच्या आवाजाने माडीवरचा पडदा सरकला. मुलगा डोळे चोळत वाकला. "आई, काय चाललंय?"

"काही नाही रे. बॅटरी बघून घेतेय."

"बरं केलंस. सारखी उतरते गं ती," तो जांभई देत म्हणाला, आणि पडदा परत ओढला गेला.

बॅटरीवाल्याने खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. यंत्राचे चिमटे त्याने घाईघाईने सोडवले. "बदलून टाकू या, काकू," तो हलक्या आवाजात म्हणाला. त्याने इतक्या वर्षांचा नेम मोडला होता, आणि तेही त्याला नीट जमत नव्हतं. "यंत्रसुद्धा चुकतं कधी कधी. काय सांगावं, उतरतही असेल. नवी बसवतो. मग काही प्रश्नच नाही."

"नको. राहू दे हीच," असं म्हणून तिने स्वतःच बॉनेटचा टेकू काढला. "ह्यांच्या वेळी निदान बॅटरी तरी होती. ती बदललीत, तर माझ्या वेळी तो सांगेल काय?"