गल्लीच्या किल्ल्या

"मावशी, आहात का घरात?" मावशी समोरच खुर्चीत बसलेल्या दिसत असताना गल्लीच्या समितीच्या अध्यक्षांनी दारातून विचारलं.

त्यांच्यामागे अर्धी गल्ली. शिंपी, कंपाउंडर, त्याची बायको, वरच्या मजल्यावरची शिक्षिका. चपला कुणीच काढल्या नाहीत. ही मंडळी बसायला आलेली नाहीत, हे मावशींनी तिथेच ओळखलं.

"दिसत नसेल तर चष्मा बदला," मावशी म्हणाल्या. "काय काम काढलंत एवढ्या फौजेनं?"

अध्यक्षांनी मोबाइल काढला. तोंडानं सांगायची लाज वाटते ते माणूस हल्ली वाचून दाखवतो.

"ग्रुपवर सकाळी ठरलं. कोपऱ्यावरचा दिवा दुरुस्त झाला आहे. एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या घरी डबा द्यायची पाळी या आठवड्यात शिंप्यांची. आणि सुरक्षेच्या दृष्टीनं सर्वांनी आपापली जादा किल्ली परत घ्यावी. एवढंच."

"कुणाकडून परत घ्यावी?"

"तसं नाव नाही लिहिलेलं."

प्रत्येक घराची जादा किल्ली मावशींच्या दारामागच्या फळीवर खिळ्याला टांगलेली होती. पोर शाळेतून लवकर आलं, कुणी किल्ली आत विसरलं, गॅसवर दूध राहिलं, की सगळे इथेच धावत यायचे. परवा कंपाउंडरच्या घरातले दागिने गेले. कुलूप फुटलं नव्हतं, कडी वाकली नव्हती. कुणीतरी किल्लीनं उघडून, काम उरकून, कुलूप पुन्हा नीट लावून गेलं होतं.

"तुमच्यावर कुणाचाच संशय नाही हं, मावशी," शिंपी म्हणाला.

"मग तू घाम कशाला पुसतोयस?"

कंपाउंडरची बायको भिंतीकडे बघत म्हणाली, "भाचे येतात, पाहुणे येतात तुमच्याकडे. आपलं म्हटलं तरी..."

"बोल बाई, पुरं बोल. अर्धं गिळलंस तर पोटात दुखेल."

ती नवऱ्याच्या मागे सरकली. मावशींना हे अर्धवट बोलणंच नको होतं. तोंडावर बोलली असती तर उत्तर देता आलं असतं. किल्ल्या अशा गुपचूप गेल्या, तर मागे एकच शब्द राहणार आणि तो जन्मभर पुसता येणार नाही.

त्या उठल्या. स्वयंपाकघरातून ताट आणलं.

किल्ल्यांवर नावं नव्हती. नाव लिहिलं तर चोराला पत्ताच मिळेल, असं समितीनंच ठरवलं होतं. कुलपंही समितीनंच घाऊक आणलेली, सगळी एका बनावटीची, त्यामुळे किल्ल्याही दिसायला सारख्याच. कोणत्या खिळ्यावर कोणाचं घर, ते मावशींना ठाऊक.

त्यांनी ताट फळीखाली धरलं आणि हाताच्या एका फटकाऱ्यात सगळे खिळे रिकामे केले.

"अहो, हे काय केलंत!" अध्यक्ष ओरडले. "आता यातली कुणाची कोणती?"

"मला काय विचारता? माझ्यावर विश्वास असता तर विचारायची पाळीच आली नसती." त्यांनी ताट स्टुलावर ठेवलं.

"सोपं आहे," शिक्षिका म्हणाली. "घरची किल्ली काढायची आणि दाताला दात जुळवून बघायचे."

शिंप्यानं लगेच हात घातला.

"थांब!" कंपाउंडरनं त्याचं मनगट धरलं. "ती माझी असली तर?"

"तर देईन की तुला."

"हातात घेऊन, नीट निरखून, मग देशील."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"भांडू नका," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्या मी घेतो आणि घरोघर जाऊन..."

"तुम्ही का?" कंपाउंडरची बायको आणि शिक्षिका एकदमच म्हणाल्या.

अध्यक्षांनी मोबाइल खिशात टाकला. हात खिशातच राहिला. मग सगळे त्या खिशाकडे बघताहेत हे ध्यानात येताच त्यांनी हात बाहेर काढला आणि बोटं पसरून, सर्वांना दिसेल असा धरला.

शिंप्यानं मनगट सोडवून घेतलं आणि दोन्ही हात मागे नेले. मग ते मागे आहेत म्हणून कंपाउंडर तिथं डोकावून बघू लागला, तेव्हा त्यानं ते पुन्हा पुढे आणले.

मावशी खुर्चीत जाऊन बसल्या.

"घ्या ना," त्या म्हणाल्या. "सगळी आपलीच माणसं आहेत."