निम्मी भीती

"गुंगी दिलीत तर दुखणार नाही ना?" प्रभावतीबाईंनी चौथ्यांदा विचारलं. आज दाढ काढली नाही, तर पू जबड्यात उतरणार होता.

"दुखणार नाही, काकू. पण भीती मरत नाही, ती तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला तरी सांभाळावी लागते," डॉक्टर म्हणाल्या. "उपाशीपोटी आहात ना?"

"संकष्टी आहे आज."

"द्या हिची भीती माझ्याकडे! दाढेला कसलं घाबरायचं?" त्यांचे यजमान विष्णुपंत हसत शेजारच्या खुर्चीत बसले. डॉक्टरांनी दोघांच्या कपाळाला एकाच तारेनं जोडलेल्या गुंगीच्या पट्ट्या लावल्या.

प्रभावतीबाईंची छाती हलकी झाली. शेजारचं हसू मात्र थांबलं. विष्णुपंतांचा सदरा घामानं भिजला होता, चिमटा दिसताच ते खुर्चीला घट्ट चिकटले.

"एवढी?" ते कसेबसे पुटपुटले. "चाळीस वर्षं एवढी घेऊन जगलीस?"

प्रभावतीबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. "डॉक्टर, निम्मी मला परत द्या," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मग काढा."