मास्तरांचं म्हणणं

"माझा आवाज कुठे गेला?"

आईने टॅब टेबलावर आपटलाच असता, पण लेकीने वेळीच हात घातला. पडद्यावर बाबा, म्हणजे सगळ्यांचे मास्तर, एकटेच बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी होती. खरं तर शूटिंगच्या वेळी त्या खुर्चीत आई बसली होती, इस्त्रीची साडी नेसून. मध्ये एकदोनदा दारावर कुणी आलं म्हणून उठली, तेवढंच. आणि नेमके तेवढेच तुकडे या व्हिडिओत होते!

जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. मास्तरांना जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांचे चार शब्द व्हिडिओवर पाठवायचं ठरलं. झटका आल्यापासून त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि एकेक शब्द ओठांवर यायला वेळ लागत होता. एवढा वेळ कुणाला असतो? मग आईच त्यांचं बोलणं पुरं करायची. डॉक्टर विचारणार मास्तरांना, उत्तर देणार आई. पाहुण्यांनाही तीच सांगायची, "त्यांना आता आराम करायचाय." लोक म्हणायचे, मास्तरांच्या मनातलं बोलावं तर यांनीच. मास्तर मान हलवायचे. आईला धन्य वाटायचं.

शूटिंगलाही तिने कसर ठेवली नव्हती. ते अडले की ती पुढे. "यांना तुमची सगळ्यांची नावं अजून तोंडपाठ आहेत. भेटायची तसदी घेऊ नका, दुरूनच आशीर्वाद आहेत, असं म्हणतायत हे." किती नेटकं बोलली होती! आणि आता पडद्यावर काय, तर मास्तर घाम पुसत, थांबत, पुन्हा सुरुवात करत म्हणत होते, "नावं... विसरलो. सगळी. घरी... या. पुन्हा... सांगा."

"चारचौघांत हसं करायचंय का त्यांचं?" आई कडाडली. "मास्तर नावं विसरले म्हणे! घरी या म्हणे! हे काय त्यांचं बोलणं आहे? दिवसरात्र यांचं करते मी. यांचा शब्द न् शब्द मला कळतो. आणि तू आलीस दोन दिवस पाहुणी म्हणून, नि मला कापून टाकलंस!"

लेक व्हिडिओ एडिटर होती. स्टुडिओतली मोठमोठी यंत्रं सोडून हल्ली ती या पाटीएवढ्या टॅबवर तेच सगळं काम करायची. पडद्यावर बोट फिरवलं की चित्र मागेपुढे व्हायचं, टेकवलं की तुकडा पडायचा. कसली ही कला, आईला वाटलं. बोट टेकवलं नि जितंजागतं माणूस गायब!

"बोल की आता! दातखिळी बसली का?"

"आई, यातला एकही कट माझा नाही."

"मग काय भुताने केले?"

"बाबांनी केले. तू दुपारी झोपायचीस तेव्हा. मी फक्त अॅप उघडून दिलं."

आई हसलीच. रागाने हसली. "त्यांनी? अगं, त्यांना हातात चमचा धरता येत नाही!"

"उजव्या हातात नाही येत. याला डाव्या हाताचं एक बोट पुरतं."

आईने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. मास्तर तिच्याकडेच बघत होते. डावं बोट गुडघ्यावर टेकलेलं. तिला संताप आला, आणि संतापाहूनही जास्त काहीतरी लागलं. जिच्यावाचून याचं पान हलत नाही, तिलाच याने पुसून टाकावं?

"काय हो, खरं आहे का हे?"

मास्तरांचे ओठ हलले. आई सवयीने लेकीकडे वळली. "ते म्हणतायत की..."

"आई, थांब ना जरा."

थांबणं तिला जमत नव्हतं. तरी थांबली. मास्तरांच्या गळ्याची शीर फुगली, कपाळावर घाम आला. आईच्या जिभेवर चार वाक्यं तयार होती, ती तिने गिळली.

"तू... छान... बोलतेस," मास्तर म्हणाले. मग पुन्हा दम घेऊन, एकेक शब्द ओढून आणत, "पण मी... ते... म्हणतच... नव्हतो."