पावलं छान जमलीत

माझा दादा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. लहानपणी आम्ही खेळायचो त्या व्हिडिओ गेमचं संगीत त्याने हौसेने नव्याने बांधलं आणि इंटरनेटवर टाकलं. सगळं कॉम्प्युटरवरच केलेलं. माइक त्याच्याकडे नव्हताच.

पहिला अभिप्राय आला, ‘झकास. मधली दारावरची टकटक फार आवडली.’

टकटक त्याने घातलीच नव्हती. कुणीतरी भलत्याच गाण्याखाली लिहून गेलं असेल, म्हणून त्याने हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी तिघांनी लिहिलं, ‘टकटक का काढलीत? आता नुसतं दार उघडतं.’ रविवारी आणखी एक आला, ‘पावलं छान जमलीत. आत येतात.’

दादाने ते संगीत काढून टाकलं. तासाभरात त्याच्या आधीच्या एका रीमिक्सखाली कुणीतरी लिहिलं, ‘इथेही पावलं. अगदी जवळ.’

दुपारी त्याने मला खोलीत बोलावून हेडफोन दिले. “मला काहीच ऐकू येत नाही गं. तूच सांग.”

मी उभ्यानेच ऐकत राहिले.

“चालणं थांबलंय,” मी म्हणाले. “खुर्ची करकरली. कुणीतरी बसलं.”

खोलीत खुर्ची एकच होती. तिच्यावर दादा बसला होता.