शास्त्रोक्त रोलर कोस्टर

ज्ञानेश्वरने पाचोऱ्याच्या नव्या पार्कसाठी रोलर कोस्टर आखला, त्यात पोटात गोळा आणणारा एक खडा उतार होता. तेवढ्या एका उतारासाठी तो पुण्याची नोकरी सोडून आला होता.

"उतार दक्षिणले शे भो, जमाव नही," वास्तुशास्त्राशिवाय पाऊल न उचलणारे मालक प्रेमराजनाना म्हणाले आणि तो उतार रद्द झाला. उलटा फेरा ईशान्येला, म्हणजे ऐन देवाच्या कोपऱ्यात येत होता. तिथे माणसं उलटी टांगायची नाहीत, असंही ठरलं. ज्ञानेश्वर "बरं नाना" म्हणत आराखड्यातून एकेक गोष्ट पुसत गेला, आणि पुढे पुढे त्याला वाईट वाटायचंही थांबलं.


उद्घाटनाला सपाट रुळांवरून डुलत डुलत पहिली फेरी मारून नाना उतरले आणि ज्ञानेश्वरच्या कानाशी लागले, "बठ्ठं काम झकास शे भो, पण भीती टाकानी राही गयी का?"